ओव्हरीचा कॅन्सर 'आजूबाजूला पसरलाय' म्हणजे नेमका किती?

दुर्वांकुर
माझी आत्या, वय ५८, बार्शी तालुक्यात राहते. दिवाळीपासून पोट फुगल्यासारखं वाटायचं, चार घास खाल्ले की बास. आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग लिव्हरचं टॉनिक. निऱ्या पोटावर नीट बसेनात तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. रक्तातलं सीए-१२५ (कॅन्सरच्या संशयात बघतात तो आकडा) बरंच वाढलेलं निघालं. ऑपरेशन पुण्यात झालं: गर्भाशय, दोन्ही ओव्हरी, ट्यूब, ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) काढलं. बायॉप्सीत 'हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा' आलंय आणि डिस्चार्ज कार्डावर 'स्टेज टू बी'. सिग्मॉइड आतड्याच्या बाहेरच्या आवरणावर आणि गर्भाशयामागच्या खळग्यात बारीक गाठी होत्या, त्याही काढल्या. डॉक्टर राउंडच्या घाईत म्हणाले, "आजूबाजूला पसरला होता, काढलाय सगळा, आता केमो."

घरात दोन तट पडलेत. काकांचं म्हणणं, पसरला म्हणजे संपलं, आता तिला कशाला सुया टोचायच्या? आतेभावाने नेटवरून अमेरिकेचा तक्ता काढलाय. त्यात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण तीन ओळींत आहे: जागच्या जागी असेल तर ९२ टक्क्यांच्या आसपास, 'रीजनल' म्हणजे सत्तरच्या थोडं वर, 'डिस्टंट' म्हणजे ३१-३२. आत्या कुठल्या ओळीत बसते? आणि सगळं काढलंच आहे तर केमो कशासाठी?

आत्याला अजून "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलंय.

कृष्णाकाठ
काळजी घ्या. एक विचारते: ऑपरेशन स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलं की गायनॅक-ऑन्कोसर्जननी? या आजारात हा फरक मोठा असतो.

पेठेतला_पाहुणा
आपल्याकडे बाईच्या पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर एकच निदान ठरलेलं आहे: "उपवास कमी कर." त्यानेही भागलं नाही तर हिंगाष्टक. घरातल्या पुरुषाचं पोट फुगलं की मात्र त्याच संध्याकाळी सोनोग्राफी.

रानजाई
@पेठेतला_पाहुणा, हसू आलं आणि रागही आला. माझ्या सासूबाईंना तर दोन वेळा "वयानुसार होतं" असं ऐकवलं गेलं.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नागपूरला. आत्यांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे आजाराबद्दल बोलते, त्यांच्याबद्दल नाही.

बहुतेक कॅन्सर दूर पसरतात ते लसीकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्या) किंवा रक्तातून. ओव्हरीच्या कॅन्सरचा मुख्य रस्ता निराळा आहे. पोटातले बाकीचे अवयव पेरिटोनियम नावाच्या अस्तरात गुंडाळलेले असतात. ओव्हरी मात्र उदरपोकळीत जवळपास उघडीच असते. त्यातून हाय ग्रेड सिरस हा जो सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, तो बऱ्याचदा ओव्हरीत सुरूच होत नाही. बीजवाहिनीच्या टोकाला झालरीसारखा भाग असतो, तिथे तो सुरू होतो आणि तिथून ओव्हरीवर येतो. म्हणजे पेशी सुटली की थेट पोटाच्या पोकळीत.

पोकळीत थोडासा द्रव नेहमीच असतो आणि तो एका जागी थांबत नाही. श्वासपटल वरखाली होतं, आतडी हलतात, त्या ओढीने द्रव ओटीपोटातून उजव्या कुशीने वर चढतो आणि यकृताच्या वर, श्वासपटलाखाली पोचतो. म्हणून आम्हाला गाठी सापडतात त्याही याच वाटेवर: गर्भाशयामागचा खळगा, सिग्मॉइडचा पृष्ठभाग, उजवी कूस, श्वासपटलाची खालची बाजू. आणि ओमेंटम. जठरापासून आतड्यांसमोर लोंबणारा हा चरबीचा पडदा ओव्हरीच्या कॅन्सरची आवडती जागा आहे. शिकागो विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की तिथल्या चरबीपेशी कॅन्सरपेशींना बोलावतात आणि आपली चरबी इंधन म्हणून पुरवतात. कधी कधी पूर्ण ओमेंटम थापलेल्या भाकरीसारखं कडक होऊन आमच्या टेबलावर येतं.

पोटात पाणी होतं त्याची कारणंही इथेच आहेत. श्वासपटलाखालच्या ज्या लसीकावाहिन्यांतून हा द्रव एरवी शोषला जातो त्या पेशींनी तुंबतात, शिवाय आजारामुळे रक्तवाहिन्या झिरपू लागतात.

आता स्टेज. पहिली म्हणजे आजार ओव्हरी-ट्यूबपुरता. दुसरी म्हणजे ओटीपोटाच्या आत. त्यात गर्भाशय किंवा दुसरी ट्यूब-ओव्हरी असेल तर टू ए, आणि मूत्राशय, मलाशय, ओटीपोटातलं सिग्मॉइड यांच्या पृष्ठभागावर असेल तर टू बी. ओटीपोटाबाहेर पेरिटोनियमवर गेला किंवा पोटाच्या मागच्या लसीका ग्रंथींत सापडला की तिसरी. ओटीपोटाबाहेरची गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर थ्री सी. छातीतल्या पाण्यात कॅन्सरपेशी मिळाल्या, किंवा यकृत-फुप्फुसाच्या आत गाठी आल्या, की चौथी. यकृताच्या नुसत्या आवरणावर असेल तर मात्र ती तिसरीच धरतात, चौथी नाही. रिपोर्टात 'लिव्हर' शब्द दिसला की नातेवाइकांचा धीर सुटतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.

दुर्वांकुर
खूप आभार! @कृष्णाकाठ, ऑपरेशन कॅन्सर सर्जननीच केलंय.

अर्धवटराव
मग आजार आतड्यावर गेला तरी दुसरीच? मला वाटायचं दुसऱ्या अवयवावर गेला की चौथी.

स्लाइडवाली
आतड्यावर आणि आतड्यात यात फरक आहे. पृष्ठभागावर बसला आणि जागा ओटीपोटातली असेल तर टू बी. आतड्याची भिंत पार करून आतल्या अस्तरापर्यंत शिरला तर फोर बी. म्हणून रिपोर्टात 'सिरोसा' (बाहेरचं आवरण) लिहिलंय की 'म्युकोसा' (आतलं अस्तर) हे वाचायचं.

ओहायोचा_घाटी
त्या तक्त्याबद्दल. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या नोंदवहीतून येतो. लोक तो चुकीचा वाचतात, कारण त्यातल्या तीन ओळी आणि डॉक्टरांच्या चार स्टेज या दोन वेगळ्या पद्धती आहेत.

'रीजनल' म्हणजे लगतचे अवयव किंवा जवळच्या लसीका ग्रंथी. टू बी या ओळीत बसते. 'डिस्टंट'मध्ये यकृत-फुप्फुस तर आहेतच, पण ओटीपोटाबाहेरच्या पेरिटोनियमवरच्या गाठीही आहेत. म्हणजे ओव्हरीपासून वीतभर वर असलेलं ओमेंटम या तक्त्यात 'दूर' ठरतं, आणि डॉक्टरांच्या भाषेत तीच बाई तिसऱ्या स्टेजला असते. घरच्यांनी 'डिस्टंट' वाचलं की त्यांना वाटतं मेंदूत गेला. निम्म्याहून जास्त रुग्ण याच ओळीत सापडतात, आणि त्या ओळीत थ्री ए पासून फोर बी पर्यंत सगळ्या जणी एकत्र मोजल्यात. मग ३१-३२ हा आकडा नक्की कोणाचा?

दुसरं, हे प्रमाण सापेक्ष आहे. त्याच वयाच्या इतर बायकांच्या तुलनेत किती जणी पाच वर्षांनी हयात आहेत, ते. आणि पाच वर्षं मोजायची तर निदान त्याआधीचं असावं लागतं, म्हणजे नवी औषधं यायच्या आधी निदान झालेल्याही त्यात आहेत.

सोलापुरी_चादर
अवांतर: आत्या बार्शीच्या आहेत म्हणून सांगतो, भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही बार्शीतच १९८७ साली सुरू झाली. त्याआधी १९६३ पासून मुंबईची होती, पण ती शहराची. बार्शीचे लोक गावोगाव फिरून नोंदी करायचे, कारण खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचायचीच नाही. ज्यांना वाटतं असल्या गोष्टी फक्त अमेरिकेत होतात त्यांच्यासाठी.

दुर्वांकुर
हे बार्शीत राहून आत्याच्या घरी कोणालाच माहीत नसेल.

चहाटळ
सगळ्या बायकांनी चाळिशीनंतर दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी करावी, विषय संपला. आमच्या ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये आहेच. लवकर सापडलं तर ९२ टक्के, उशिरा सापडलं तर ३१. यात डोकं लावण्यासारखं काय आहे?

स्लाइडवाली
@चहाटळ, ऐकायला इतकं सरळ वाटतं म्हणूनच इंग्लंडमध्ये ते करून पाहिलं. दोन लाखांहून जास्त बायका, पन्नाशीनंतरच्या, कुठलाही त्रास नसलेल्या. काहींची दरवर्षी रक्ततपासणी, काहींची दरवर्षी सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ साली शेवटचे निकाल आले. रक्ततपासणीच्या गटात आजार थोडा लवकरच्या स्टेजला सापडला, पण ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

लवकर सापडणारा आणि झपाट्याने पसरणारा, हे पुष्कळदा दोन वेगळे आजार असतात. पहिल्या स्टेजला मिळणाऱ्यांत एंडोमेट्रिऑइड, म्युसिनस असे सावकाश वाढणारे प्रकार जास्त. हाय ग्रेड सिरस ट्यूबच्या टोकाशी डोळ्याला न दिसण्याएवढा असतानाही पेशी सोडू शकतो. ९२ आणि ३१ मधल्या दरीत 'केव्हा सापडला' इतकाच 'कोणता आहे' याचाही वाटा आहे.

चहाटळ
बरं, पण करून घेतलं तर तोटा काय? मनाला शांती.

रानजाई
शांती नाही हो, उलट! माझ्या बहिणीचं सीए-१२५ असंच पॅकेजमध्ये वाढलेलं निघालं. पोटात थोडं पाणीही होतं. महिनाभर घरात सुतक असल्यासारखं वातावरण. शेवटी निघाला पोटाचा टीबी. गोळ्या पूर्ण केल्या, आता ठणठणीत आहे.

स्लाइडवाली
अगदी. आपल्या देशात हे लक्षात ठेवायलाच हवं. पोटाच्या टीबीत पाणी होतं, सीए-१२५ वाढतं, सीटी स्कॅनवर ओमेंटम जाड दिसतं, सगळं हुबेहूब. एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, अगदी पाळीच्या दिवसांतही हा आकडा ३५ च्या वर जातो. उलट पहिल्या स्टेजच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो वाढलेला नसतो. ही चाचणी उपचार लागू पडतोय का हे बघायला चांगली. निरोगी बाईची चाळणी म्हणून नाही.

आणि पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते. "माझी पॅप नॉर्मल आहे, मग ओव्हरीचा कसा झाला?" हा प्रश्न मला शिकलेल्या बायकाही विचारतात.

निवांत
काकडीचा रस आणि [प्रतिसादाचा हा भाग काढून टाकला आहे. - संपादक] ने माझ्या ओळखीतल्या एकाची चौथी स्टेज तीन आठवड्यांत गेली. फोन नंबर देतो.

पेठेतला_पाहुणा
@निवांत, 'एकाची' म्हणजे पुरुषाच्या ओव्हरीचा गेला का? मग रस खरंच जबरदस्त आहे.

संपादक
नंबर काढला आहे. पुढच्या वेळी आयडीही जाईल.

दुपारची_झोप
मी इथे फार लिहीत नाही. मी स्वतः थ्री सी आहे. या धाग्यावर सगळे 'त्या बायका' म्हणून बोलताहेत, तर म्हटलं त्यांच्यातलं कोणीतरी बोलावं.

मला सापडलं तेव्हा श्वासपटलाखाली, ओमेंटमवर, आतड्यांवर, सगळीकडे बारीक दाणे होते. सर्जननी स्कॅन बघून सांगितलं, आत्ता उघडलं तर सगळं निघणार नाही, आधी केमो देऊ. घरच्यांना वाटलं ऑपरेशन नाही म्हणजे हात टेकले. तसं नव्हतं. अर्धी केमो झाल्यावर ऑपरेशन झालं आणि उरलेली नंतर. ऑपरेशननंतर सर्जननी स्टेजबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "डोळ्याला दिसेल असं काही आत ठेवलेलं नाही." तेव्हा त्या वाक्याचं वजन मला कळलं नाही, नंतर कळलं.

मला बीआरसीए-१ या जनुकाचा दोष निघाला, म्हणून केमोनंतर ओलापॅरिब नावाचं औषध सुरू झालं. मध्ये एकदा आजार परतला, पुन्हा उपचार घेतले. आत्ता शाळेत शिकवतेय आणि दहावीचे पेपर तपासतेय. पोरांचं अक्षर बघून जीव जाईल, कॅन्सरने नाही.

दुर्वांकुर, आत्याला सांगा. केमोच्या खोलीत आजूबाजूला काय चाललंय ते तिला दिसणारच आहे. मला सगळ्यात जास्त त्रास लोकांच्या कुजबुजीचा झाला.

कृष्णाकाठ
@दुपारची_झोप, दंडवत.

जुनं_वडाचं_झाड
माझं मत वेगळं आहे. आमच्या आईला आम्ही पूर्ण नाव सांगितलं नव्हतं. ती तेव्हा ७९ वर्षांची. ती विचारायची, "गाठ गेली ना?" आम्ही म्हणायचो, "गेली." तिला त्यापुढे काही नको होतं, तिने कधी विचारलंही नाही. प्रत्येक माणसाला सगळं ऐकायचं असतं असं नाही. पुस्तकी नियम लावू नका.

दुपारची_झोप
काका, ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर लादू नये हे मान्य. पण ते आईंनी ठरवलं होतं. इथे आत्याला कोणी विचारलंय का, की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? ५८ म्हणजे काही ७९ नाही.

जुनं_वडाचं_झाड
हं. विचारावं हे खरं.

ओहायोचा_घाटी
'काही ठेवलेलं नाही' यावर थोडं. या आजारात आत किती उरलं हे स्टेजइतकंच, कधी कधी जास्तच महत्त्वाचं ठरतं. थ्री सी असून डोळ्याला दिसणारं सगळं निघालेली बाई आणि थ्री सी असून सेंटीमीटरच्या गाठी आत राहिलेली बाई, दोघींच्या पुढच्या वाटचालीत बराच फरक पडतो. म्हणून @कृष्णाकाठ यांचा पहिलाच प्रश्न बरोबर होता.

आधी केमो की आधी ऑपरेशन, यावर डॉक्टरांत अजून वाद आहेत. युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांत, २०१० आणि २०१५ मध्ये, दोन्ही वाटांनी आयुर्मान सारखंच निघालं, आणि आधी केमो दिलेल्यांत ऑपरेशनची गुंतागुंत कमी झाली. ऑपरेशन आधीच हवं म्हणणारे सर्जन म्हणतात, त्या चाचण्यांमधली ऑपरेशनं पुरेशी कसून झालेली नव्हती.

पोटात गरम केमो फिरवण्याचं जे ऐकू येतं, त्याने २०१८ च्या डच अभ्यासात फायदा दिसला होता: सरासरी आयुर्मान सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ वर गेलं. पण ते तिसऱ्या स्टेजच्या, आधी केमो घेतलेल्या बायकांत. टू बीला त्याचा संबंध नाही. कोणी पॅकेज गळ्यात मारू लागलं तर कुठल्या आधारावर ते विचारा.

दुर्वांकुर
काकांना हा धागा दाखवला. ते म्हणाले, "मग केमो कशाला, काही ठेवलेलं नाही ना?" मूळ प्रश्न तिथेच!

स्लाइडवाली
'डोळ्याला दिसेल असं' हे तीन शब्द काकांनी गाळले. मी मायक्रोस्कोपखाली जे बघते ते सर्जनच्या डोळ्याला दिसत नाही. हाय ग्रेड सिरस ओव्हरी सोडून सिग्मॉइडवर पोचला म्हणजे त्याच्या पेशी पोकळीत फिरल्या आहेत. त्यातल्या काही कुठे बसल्या असतील तर त्या ऑपरेशनने निघत नाहीत. केमो त्यांच्यासाठी. सहसा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. सुरुवातीला हा आजार या औषधांना चांगली दाद देतो, सत्तर-ऐंशी टक्के रुग्णांत.

तुम्ही मात्र सर्जनना एवढं विचारा: पोट धुतलेल्या पाण्याची तपासणी झाली का, ओमेंटम स्वच्छ आलं का, वरच्या पेरिटोनियमचे तुकडे घेतले का, लसीका ग्रंथींचं काय? जितकं शोधलं तितकीच स्टेज कळते. जुन्या अभ्यासांत, वरवर पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या वाटणाऱ्या बायकांची नीट तपासणी केल्यावर जवळपास तिसऱ्या हिश्श्यात आजार पुढे गेलेला निघाला होता.

तळ्यातमळ्यात
मध्येच विचारतेय, माफ करा. माझी ओव्हरीची सिस्ट दुर्बिणीने काढली, काढताना फुटली. रिपोर्ट डर्मॉइड, साधी. हे सगळं वाचून झोप उडाली.

स्लाइडवाली
डर्मॉइड साधी असते, झोपा. आत कॅन्सर असलेली गाठ फुटली तर पहिल्या स्टेजमध्येच वन ए ची वन सी होते आणि कदाचित केमो वाढते. म्हणून संशयास्पद गाठीत पोटावरून सुई घालत नाहीत आणि ती पिशवीत घालून अखंड काढतात. तुमच्या बाबतीत त्यातलं काही नाही.

तळ्यातमळ्यात
🙏🙏

भंडारदरा
पैशांचं कोणी बोलत नाहीये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही येतात. रेशन कार्ड, आधार आणि बायॉप्सी रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला गाठा. केमो सुरू व्हायच्या आधी, नंतर नाही. दुसरं मत घ्यायला परळला टाटाला जायचं ठरलं तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा विचारात घ्या. तिथे कॅन्सर रुग्ण आणि नातेवाइकांची सोय अगदी कमी पैशांत होते. आणि स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) घेऊन जा, नुसता कागदी रिपोर्ट नको. ते ब्लॉक पुन्हा तपासतात.

स्लाइडवाली
ब्लॉक मागून घ्या याला +१. ते रुग्णाचेच असतात.

रानजाई
लक्षणांबद्दल एक राहिलं. याला 'गुपचूप वाढणारा' म्हणतात ते मला पटत नाही. सासूबाईंची तक्रार होतीच, ऐकणारं कोणी नव्हतं. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीची घाई. यातलं काही नव्याने सुरू झालं असेल आणि महिन्यातले बाराहून जास्त दिवस होत असेल तर सोनोग्राफी मागून घ्यावी. पन्नाशीनंतर 'नव्याने गॅस' झाला तर विशेष.

चहाटळ
हे मात्र पॅकेजपेक्षा कामाचं आहे. बायकोला पाठवतो.

पेठेतला_पाहुणा
पाठवू नका, वाचून दाखवा. आणि सोनोग्राफीला सोबत जा.

दुपारची_झोप
दुर्वांकुर, एक गोष्ट अजून कोणी म्हणाली नाही. 'आत्या' म्हणजे वडिलांची बहीण ना? तुझं वय काय?

दुर्वांकुर
३४. का?

दुपारची_झोप
हाय ग्रेड सिरस निघालेल्या प्रत्येक बाईची बीआरसीए तपासणी व्हावी असं डॉक्टर सांगतात, घरात आधी कोणाला असो-नसो. हा दोष वडिलांकडूनही येतो. सगळे फक्त आईच्या माहेरचा इतिहास विचारतात. माझ्याही बाबतीत तो बाबांकडून आला. त्यांना स्वतःला काही झालं नाही आणि त्यांच्या बहिणी तरुणपणीच दुसऱ्या कारणांनी गेल्या, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता.

आधी आत्याची तपासणी करा. तिला दोष निघाला तर तुझ्या बाबांची. त्यांना निघाला तर तुझी, तुला असण्याची शक्यता निम्मी. आत्याला नाही निघाला तर तुम्हाला सहसा पुढे काही करावं लागत नाही.

ओहायोचा_घाटी
आणि याचा आत्यांनाही उपयोग आहे. दोष असलेल्या, आजार पुढे गेलेल्या आणि केमोला दाद दिलेल्या बायकांना ओलापॅरिब दिलं त्या चाचणीत सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, औषध न मिळालेल्यांत ४६-४७. ती चाचणी तिसऱ्या-चौथ्या स्टेजची होती, त्यामुळे टू बीत ते द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील. पण माहिती हाती असावी. तपासणी रक्तावरही होते आणि गाठीच्या ब्लॉकवरही.

अर्धवटराव
दोष निघाला तर मग काय, ओव्हरी काढून टाकायची? अँजेलिना जोलीसारखी?

स्लाइडवाली
हो, तिने २०१५ मध्ये तेच केलं. तिची आई ओव्हरीच्या कॅन्सरने ५६ व्या वर्षी गेली होती. बीआरसीए-१ मध्ये आयुष्यभराचा धोका चाळीस टक्क्यांच्या घरात जातो, एरवी एक-दीड टक्क्याहून कमी. म्हणून बीआरसीए-१ असेल तर मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४० च्या दरम्यान, ट्यूब आणि ओव्हरी काढण्याचा सल्ला देतात. बीआरसीए-२ मध्ये थोडं उशिरा चालतं. पाळी अचानक बंद होते, हाडं, हृदय, झोप, सगळ्यावर परिणाम होतो. फॅशन म्हणून करायची गोष्ट नाही, पण कळल्यावर दुर्लक्ष करायचीही नाही.

दुर्वांकुर
डोकं गरगरलं, पण बरं झालं कळलं.

दुर्वांकुर
अपडेट देते. सर्जननी या वेळी बसवून नीट सांगितलं. ओमेंटम स्वच्छ, ग्रंथी स्वच्छ, वरच्या पेरिटोनियमचे तुकडे स्वच्छ. पोट धुतलेल्या पाण्यात मात्र पेशी मिळाल्या. तरी स्टेज टू बीच. केमो सहा. बीआरसीएसाठी ब्लॉक पाठवलाय.

आत्याला आतेभावाने विचारलं, किती जाणून घ्यायचंय? ती म्हणाली, "मला बायॉप्सी म्हणजे काय ते कळतं रे, मी दहा वर्षं अंगणवाडी चालवली. तुम्हीच घाबरलेले होता म्हणून गप्प बसले." काका त्यावर काही बोलले नाहीत, पण केमोला गाडी तेच नेणार आहेत.

स्लाइडवाली
पाण्यातल्या पेशींनी घाबरू नका. आजार आधीच ओव्हरीबाहेर गेलेला असल्यामुळे स्टेज बदलत नाही. केमो का हवी, याचं उत्तर मात्र काकांना त्यातच मिळेल. आतेभावाच्या तक्त्यातली मधली ओळ तुमची. ती शंभर वेगळ्या बायकांची सरासरी आहे, आत्यांचं भाकीत नाही. वरची ओमेंटम-पेरिटोनियमची जागा शोधूनही स्वच्छ निघाली, ही चांगली गोष्ट.

जुनं_वडाचं_झाड
अंगणवाडीवाल्या आत्यांना नमस्कार सांगा.

दुर्वांकुर
सांगते. @दुपारची_झोप, पहिल्या केमोला काय न्यावं?

दुपारची_झोप
स्वेटर आणि मोजे, एसी फार असतो. घरचा दहीभात चालेल, पण वासाचं काही नको, शेजारणीला उलटी होते. पॅक्लिटॅक्सेलने हातापायाला मुंग्या येतात. शर्टाची बटणं लावायला त्रास होऊ लागला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, लगेच सांगा, डोस बदलता येतो. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन देऊन बघत बसायचं नाही. केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात. मी आधीच बारीक कापून घेतले होते. आत्याला तसं हवं असेल तर तिला ठरवू द्या.

भंडारदरा
योजनेचं प्री-ऑथ (उपचाराआधीची परवानगी) मंजूर झालं का ते पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. शनिवार-रविवार मध्ये आला तर अडकतं.

दुर्वांकुर
सोमवारी आहे. उद्याच विचारते.